मनोऱ्याच्या भिंतीतली भेग

आठवडाभर स्पेनमधल्या आमच्या गॅलिसियाचा पाऊस थांबला नव्हता. किल्ल्यातल्या आमच्या हॉटेलात पाहुणे जेमतेम पाच. मी काउंटरवर पेंगत होते, तेवढ्यात तो आत आला... नखशिखांत निथळत.

"लुगो शहरातून आलोय. ब्राइस, इंजिनिअर. भिंती तपासायच्यात."

"मी इरिया. भिंती आठशे वर्षं उभ्या आहेत. तुम्हीच आधी अंग पुसा, नाहीतर कोसळाल!"

तो हसला, आणि माझी झोप उडाली.

मनोऱ्यातल्या भेगेवर त्याने काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत सरकली, तर काच तडकणार. रोज तो भेग मोजायचा, मी टॉर्च धरायची. जिना इतका अरुंद, की खांद्याला खांदा लागायचाच.

"टॉर्च हलतोय तुमचा."

"थंडीनं."

"कालही थंडीनंच?"

"गप्प मोजा हो!"

मंगळवारी त्याने मनोऱ्यातल्या खोल्या रिकाम्या करायला लावल्या. ओल आहे, म्हणाला. शुक्रवारी दुपारी मात्र माझ्या आईने केलेलं गरम सूप त्याने तसंच ठेवलं.

"इरिया, मनोरा सरकतोय. हॉटेल बंद करावं लागेल."

आई इथल्या स्वयंपाकघरात, मी इथे. गावात दुसरं काम नाही.

"कधी कळलं?"

"मंगळवारी. काच तडकली तेव्हा."

"आणि आज सांगताय?"

"रोज पुन्हा मोजलं. वाटलं, माझंच चुकलं असेल..." त्याने सूप बाजूला सारलं. "आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, माझं चुकावं."

मला खूप राग आला होता. तरी त्याचा पडलेला चेहरा पाहवेना.

"अहवालावर अजून सही केलेली नाही," तो हळूच म्हणाला. "तू म्हणालीस तर —"

"तर काय? खोटं लिहाल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिहीन."

त्या एका शब्दात त्याने सगळं सांगून टाकलं. माझे डोळे भरून आले. कुणी आपल्यावर इतकं प्रेम करावं, आणि ते अशा वेळी कळावं!

मी काउंटरवरचं पेन त्याच्यापुढे सरकवलं.

"सही कर. माणसं झोपतात इथे."

त्याने सही केली. बाहेर पाऊस कोसळतच होता.

"आता आईला सांगायला हवं," मी म्हणाले.

"मी सांगतो."

"दोन्ही गोष्टी?"

मग त्याने माझा हात घट्ट धरला.

"दोन्ही."

आणि आम्ही स्वयंपाकघराकडे निघालो.