डावा दिवा

काम म्हणाल तर अगदी साधं. गाडीच्या डाव्या दिव्यात आतून दव धरत होतं, ते भोरच्या गॅरेजात दाखवायचं आणि उजेड आहे तोवर गुंजवण्याला परत यायचं. वरव्याचा एक माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघायला येणार होता, आणि जुनी गाडी घेणारा माणूस आधी दिव्यात डोकावतो. काचेच्या आत पाणी दिसलं की तो काय ते समजतो. ही गाडी बुडालेली आहे.

आणि गाडी बुडालेलीच होती हो. मागच्या पावसाळ्यात संध्याकाळची धरणाच्या पाण्यात गेली. चालवत होता अमृत. शेजारी, डाव्या बाजूला, त्याचा थोरला भाऊ बंडू. अमृत खिडकीतून बाहेर आला. बंडू आला नाही.

“दादा जागच्या जागी गेला, वहिनी. डोकं आपटलं आन् संपलं. काय बी तरास झाला न्हाई त्याला. मी तसाच पळत गावात आलो, मान्सं घेऊन गेलो,” असं अमृतनं बंडूच्या बायकोला, सुलक्षणाला, सांगितलं होतं. तेवढ्या बोलण्यावर त्या बाईनं वर्ष काढलं. रोज रात्री मनाशी म्हणायचं, तरास झाला न्हाई, आणि कूस बदलायची. दुसरं काय होतं तिच्याजवळ?

इंजिन दुरुस्त झालं, सीट वाळल्या, गाडी धावायला लागली. दिवा तेवढा वाळेना. अमृतनं काही करायचं ठेवलं नव्हतं. दिवा खोलून उन्हात ठेवला, केस वाळवायच्या मशीननं वारा दिला, आणि शेवटी लोक भिजलेला मोबाईल ठेवतात तसा घरच्या तांदळाच्या पिंपात पुरला. काढला तेव्हा दिवा कोरडा होता आणि भोवतालचे ओंजळभर तांदूळ ओले. त्यांना धरणातल्या गाळाचा वास येत होता. त्याच्या आईनं, ठकुबाईनं, ते कोंबड्यांपुढं टाकले. कोंबड्या जवळसुद्धा गेल्या नाहीत. दिवा गाडीला बसवला, आणि तिन्हीसांजेला काच पुन्हा धुरकट.

सुलक्षणा भोरला बरोबर आली ती ठकुबाईच्या डोळ्यांचं औषध घ्यायला. म्हातारीला आता फक्त उजेड-अंधार कळायचा. औषध घेऊन ती गॅरेजात आली तेव्हा कुमार मेस्त्रीनं दिवा सुकवून पालथा धरला होता.

“ह्ये मागचं भोक बघा. दिवा हितनं श्वास घेतो. आतली गरम हवा, वाफ, समदी हितनं भाईर जाती. ह्याला नवी नळी लावतो, आन् कडंच्या फटी तेवढ्या बुजवतो.”

“त्ये भोक बी बुजव,” अमृत म्हणाला.

“आवो, त्ये न्हाई बुजवायचं! मग आतलं आतच कोंडंल की.”

“उद्या गिऱ्हाईक येतंय माझं. तू मला शिकवू नगंस. बुजव म्हनतो ना!”

कुमारनं सुलक्षणाकडं पाहिलं. ती काय बोलणार? घरात आता अमृतचा शब्द चालायचा. कुमारनं खांदे उडवले आणि सिलिकॉनची ट्यूब दाबून ते भोकही बुजवलं.

ते परत आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अमृत आत गेला. सुलक्षणा तुळशीपाशी दिवा लावून वळली, तर अंगणात उभ्या गाडीच्या डाव्या काचेवर आतून एक डाग उमटला होता. तळहाताएवढा. आरशावर तोंडानं ‘हाऽ’ केल्यावर उमटतो ना, तसाच. तिच्या डोळ्यांदेखत तो आकसला, नाहीसा झाला आणि परत आला.

दोन आखूड. एक लांब. परत दोन आखूड… एक लांब…

बंडूला दमा होता. झोपेत तो असाच श्वास घ्यायचा, आणि उभ्या संसारात सुलक्षणाला त्या तालावरच झोप लागायची. ती गाडीच्या दिव्यासमोर मातीतच बसली.

“काय झालं, वहिनी?” अमृत बाहेर आला, आणि त्यानं ते पाहिलं. “दमट हवा हाय… पावसाची…” एवढंच पुटपुटला. हलला मात्र नाही.

देवळात भजन सुरू झालं. शेजारून भाकरी थापायचा आवाज आला, थांबला. डाग उमटतच होता. मध्येच भराभर उमटायचा, मग लांबायचा, इतका लांबायचा की सुलक्षणाला वाटावं, हा शेवटचा. संपू दे रे देवा, सोडव रे ह्यांना, असं ती तोंडानं म्हणायला लागली. आणि पुन्हा… दोन आखूड, एक लांब…

भजनाची आरती झाली. अमृतनं एकदम पुढं होऊन काचेवर हात आपटला.

“बास की! बास की रं दादा… त्या दिशी तर एवढा येळ न्हवता लागला…”

बोलून गेला आणि मग त्यालाच ते ऐकू आलं.

“म्हंजे तुमी हुता तितं,” सुलक्षणा अगदी हळू म्हणाली. “काठावर. बघत.”

“मी घेतलेली हुती, वहिनी… लोकांनी मला फोडला असता… हा दिवा पान्यात जळत हुता… तेवढा इजू दे म्हनलं, मग जातो गावात… आन् मला पवाया…”

पैज लावून धरणाचं पाणी आरपार पोहणारा हा गडी! सगळ्या गावानं काठावरून टाळ्या वाजवल्या होत्या.

काचेवरचा डाग लहान होत गेला. मग उमटलाच नाही. सुलक्षणाच्या देखत तिचा नवरा दुसऱ्यांदा मेला, आणि या खेपेला तिला त्यातला एकही श्वास चुकला नाही.

सकाळी वरव्याचा माणूस आला. दिव्यात डोकावला, काच लख्ख कोरडी बघून खूश झाला आणि गाडी घेऊन गेला. अमृतनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मग किती वाजले म्हणून मनगट वर केलं, आणि त्याचा हात तसाच राहिला. घड्याळाच्या काचेत आतून दव धरलं होतं.

विंचू झटकावा तसं त्यानं ते काढलं. काय करावं सुचेना तेव्हा सवयीनं घरात जाऊन तांदळाच्या पिंपात खोल खुपसलं.

सुलक्षणा दारातून बघत होती. “भोक बुजवलंत ना तुमी, भावजी? मग ह्यांनी श्वास घ्यायचा कुठनं?”

दुपारी ठकुबाई चाचपडत पिंपापाशी गेली. माप घेऊन तिनं हात आत घातला, आणि तो तिथंच राहिला. तिचा चेहरा हळूहळू निवला.

“सुलक्षणे… ह्यात कोन निजलंय गं? आपला बंडूच हाय जनू…”

सुलक्षणा जाऊन उभी राहिली. गाळाचा वास येत होता. पिंपातले तांदूळ वर येत होते आणि खाली बसत होते. दोन आखूड, एक लांब.

“झाकन लावू का गं?” म्हातारीनं विचारलं.

“नगा, आत्याबाई. उघडंच ऱ्हाऊ द्या.”

ते पिंप अजून उघडंच असतं. अमृतचं अंथरूण त्याच खोलीत, पिंपाला लागून असतं. ते रोज सुलक्षणा स्वतःच्या हातानं घालते.