फुलं उंबऱ्याच्या आत आली तेव्हा

"ती फुलं उंबऱ्याच्या आत आणू नकोस," पेगीनं बजावलं होतं.

पेगी म्हणजे माझ्या बहिणीची, दर्वलाची सासू. आणि हे मला दर्वलानं स्वतः सांगितलंय, रडत रडत. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

दर्वलाचं सासर क्लेअर परगण्यात, एका शेतावर. गेल्या वर्षी मे लागायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बाहेर अजून लख्ख उजेड.

घरामागच्या कुरणात एकच काटेरी झाड आहे, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. ट्रॅक्टरसुद्धा त्याला वळसा घालून जातो. ते भल्या मंडळींचं, म्हणजे तान्ही बाळं बदलून नेणाऱ्या अदृश्य लोकांचं झाड. त्या मंडळींचं खरं नाव तिथे कुणी घेत नाही.

"पेगी, अहो, फोटोपुरती हवीत," दर्वला हसली. "ओरान पाळण्यात झोपलाय तोवर काढते."

"कॉलेजात जाऊन हेच शिकलीस?"

"फुलांना घाबरायचं नसतं, हे शिकले."

पेगी पुटपुटत गोठ्याकडे गेली, धारा काढायला.

दर्वलानं डहाळी बरणीत घालून पाळण्याशेजारी ठेवली. फोटो काढला. मग पाव कापायला स्वयंपाकघरात गेली.

घरभर वास पसरला... गोडसर. आणि त्याच्याखाली काहीतरी कुजकं.

अंगणातला कुत्रा भुंकता भुंकता गप्प झाला.

कुरणातली कोकरंही...

आणि ओरान रडला.

"आले रे राजा, आले!"

सुरी टाकून ती धावली. पाळण्यापाशी थबकली.

ओरान जागा होता. ओठ घट्ट मिटलेले. टक लावून तिच्याकडे बघत होता.

रडणं मात्र चालूच होतं...

खिडकीबाहेर. झाडाच्या बाजूनं.

आवाज ओरानचाच. रडणं सरताना उचकीसारखा हुंदका द्यायची त्याची सवय... तीही तशीच.

दर्वला किंचाळली.

पेगी धावत आली. बरणी उचलून बाहेर भिरकावली. शेगडीचा लोखंडी चिमटा पाळण्यावर आडवा ठेवला. मग दर्वलाचे खांदे धरले.

"ओ दिलीस का त्याला?"

दर्वला पाळण्याकडेच बघत होती.

"अगं पोरी, ओ दिलीस?"

"माझं बाळ रडत होतं, पेगी! देणारच ना!"

"ओ दिलीस, म्हणजे बाळ त्यांना दिलंस," पेगी म्हणाली.

बाहेरचं रडणं थांबलं. आणि पाळण्यातला ओरान रडायला लागला.

"कोल्हा असेल," रात्री दर्वलाचा नवरा फिन्टन म्हणाला. "कोल्हे तान्ह्या पोरासारखेच ओरडतात."

डॉक्टर म्हणतात, बाळ छान आहे. वजन वाढतंय.

फक्त आता रडणं सरताना तो हुंदका येत नाही.

तो कुरणाकडून येतो... वारा पडला की.

माझी लेक आतल्या खोलीत झोपलीय. हे लिहिता लिहिता मी सारखी उठून तिला बघून येतेय. तुमचंही तान्हं आत असेल, तर उठा, एकदा बघून या.

आणि रडणं ऐकू आलं, तर आधी त्याचं तोंड बघा...

मगच ओ द्या.