कोरडे हात

ड्रेसिंगवाल्या सिस्टरचं वागणं आजींना पहिल्या दिवसापासून खटकत होतं. दुपारी सगळे कामावर गेले की ही येणार, "आताच धुतलेत हात, आजी," म्हणणार आणि थेट पट्टीला भिडणार. हात मात्र खडखडीत कोरडे. आणि गार.

हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवून आजी चार दिवसांपूर्वीच घरी आल्या होत्या. डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जखमेत जंतू शिरले तर यंत्र, तारा, सगळं काढावं लागेल. या वयात ते झेपायचं नाही." कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणाला नातवंडांना शिवू न देणाऱ्या आजींना हे पुन्हा सांगावं लागलं नाही. तरी पांढरा गणवेश बघून दार त्यांनीच उघडलं होतं.

संध्याकाळी त्यांनी सुनेला झापलं. "कसली सिस्टर ठरवलीस गं? हात धुवायचाही कंटाळा!"

सून चपापली. "मी कुणालाच नाही बोलावलं, आई. आठवडाभर पट्टी उघडायचीच नाहीये."

"मग ही काय मी चिकटवली?"

पट्टी नवी होती. चिकटपट्टीचं एक टोक आत दुमडलेलं, सोलायला सोपं जावं म्हणून. कडेची कातडी लाल झाली होती.

सकाळी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी औषध वाढवलं. पट्टी सोलायला आलेल्या म्हाताऱ्या मेट्रनबाई ते टोक बघून थबकल्या.

"हे कुणी दुमडलं?"

"तुमच्याच सिस्टरने. दुसरं कोण?"

"असं टोक दुमडणारी आमची एकच सिस्टर होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली," मेट्रनबाई पुटपुटल्या. जाऊन त्यांनी आपले हात धुतले. मग पुन्हा धुतले.

त्या दुपारी सुनेने रजा टाकली, दाराला आतून कडी घातली आणि ती चहा टाकायला गेली. आजींनी कूस बदलली.

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली होती.

"आताच धुतलेत, आजी."

"माझ्यासमोर धू." आजींनी कोपऱ्यातल्या बेसिनकडे बोट केलं.

ती निमूट उठली. नळ सोडला. साबण चोळला. बोटं, बेचक्या, कोपर.

"आई, नळ कशाला सोडलात?" सुनेने आतून विचारलं.

आजींची नजर सिस्टरच्या हातांवर होती.

सिस्टरने हात पुढे केले.

खडखडीत कोरडे.

आजींच्या काळजाचा ठोका चुकायला हवा होता. यंत्राने चुकू दिला नाही.

त्या ताठ बसल्या.

"पाणी तुला शिवत नाही, बाई. मग तूही मला शिवायचं नाहीस. नीघ!"