चाळीतल्या गॅलरीचा घुमारा

माणूस जातो, आवाज मात्र उरतो, असं उन्मेष सरांनी मीटिंगमध्ये डोळे मिटून सांगितलं. मग डोळे उघडून त्या उरलेल्या आवाजाचं बटण निळं हवं की जांभळं, यावर त्यांनी सगळ्यांची जेवणाची सुट्टी खाल्ली.

परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरमध्ये दीपिका त्यांच्या हाताखाली डिझायनर होती. गाणी ऐकायच्या अ‍ॅपमधली साउंड इफेक्टची स्क्रीन तिला नव्याने करायची होती. जुन्या स्क्रीनवर इतक्या पट्ट्या न् खुंट्या, की हात लावायला पायलटचं लायसन्स लागावं. तिने त्या सगळ्या काढून जागांची चित्रं ठेवली. लेणं निवडा, गाणं लेण्यात घुमेल. चाळ निवडा, गॅलरीत घुमेल. स्क्रीन पास झाली की नोकरी पक्की.

गॅलरी तिच्याच चिंचपोकळीच्या चाळीची, रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी केलेली. भर दुपारी साउंडवाल्या सम्यकने तिथे फुगा फोडला आणि त्याचा घुमारा रेकॉर्ड केला. त्या साच्यात मग कुठलंही गाणं ओतता येतं. फुगा फुटला तेव्हा उडायला तिथे कबुतरंही नव्हती.

ऑफिसात पहिलं गाणं लावलं. सूर विरल्यावर लांब कुठेतरी एक पाऊल पडलं. दुसरं घासत आलं.

"कबुतर असेल," सम्यक म्हणाला.

"चप्पल घातलेलं?"

पुढच्या गाण्यात पावलं जिन्यापाशी होती. त्याच्या पुढच्यात नळापाशी.

"अगं, फाइल एकच आहे. ती चालत नाही," सम्यक म्हणाला आणि हेडफोन काढून जरा लांबच ठेवला.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीत दीपिकाने ते आईला ऐकवलं. जाईबाईंचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. शेवट आला तशी त्यांची मान दाराकडे वळली.

"तुझे पप्पा," त्या म्हणाल्या. "गिरणीत पाय अधू झाला तेव्हापासून असेच चालायचे."

पप्पा गेले तेव्हा दीपिका शाळेत होती.

"आई, मशीन आहे ते."

"असू दे. माझ्या फोनात टाक."

दीपिकाने चाचणीच्या अ‍ॅपची लिंक पाठवली. तेव्हापासून जाईबाई कानात इअरफोन घालूनच भाकऱ्या थापायच्या.

"आज शेजारच्या शांताच्या दारापुढून आले," त्या सांगायच्या. "आता आपलंच दार."

ऑफिसात उन्मेष सर म्हणाले, "सोमवारी डेमो आहे. ते घासणारं पाऊल काढ, नाहीतर जुनीच स्क्रीन दाखवू. तुझ्या कन्फर्मेशनचं मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय, ते सगळा मजला ओळखून होता.

"दाराशी आलेल्या माणसाला हाकलतेस?" घरी ते ऐकून आईने विचारलं.

दीपिकाला झोप लागेना. बसमध्येही ती मागे वळून बघत होती.

शेवटी तिने गॅलरीच काढली. सर्व्हरवरून, सम्यकच्या मशीनवरून, डिलीट केलेल्या फाइलींतूनही. डेमोत लेण्याला टाळ्या पडल्या. ती पक्की झाली.

पेढे घेऊन घरी आली. जाईबाई कॉटच्या एका कडेला, अंग चोरून बसल्या होत्या. कानात इअरफोन.

"आई, बंद झालंय ते."

"हळू बोल."

"का?"

"आत आलेत. बसलेत."

दीपिकाने कॉटकडे पाहिलं नाही. फोन घेतला.

अ‍ॅप सापडेना.

डाउनलोडची पट्टी पहिल्या दिवसापासून अडकलेली होती. शुभ सकाळच्या व्हिडिओंनी फोन गच्च भरला होता. अ‍ॅप त्यात कधी उतरलंच नव्हतं.