अर्धा इंच जास्त

कनेरगाव नाक्यावर शिवहार जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकायचा. गिऱ्हाईक यायचं ते मोबाइलवर फोटो घेऊन, नाहीतर नुसतंच तोंड घेऊन. सुकन्या मात्र आली ती मडगार्डाच्या मापानं कापलेलं वर्तमानपत्र घेऊन.

"डावं मडगार्ड पाह्यजे," ती म्हणाली. "बाबांच्या गाडीला म्हशीनं धडक दिली. पत्रा चाकाला घासून राहिला. डावं चेपलेलं, म्हणून उजव्याचं माप घेतलं अन् कागद उलटा केला. बाहीचं करतो तसं."

"तुमी शिवणकाम करता?"

"औंढ्यात. बाबा त्या गाडीत नागनाथाच्या दर्शनाला येणारी माणसं आणतेत. आता घरी बसून हायेत."

शिवहारला आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं. "गाडी कोणत्या सालची? इंडिकेटर मडगार्डावर हाय का आरशावर?"

तिला सगळं ठाऊक होतं. त्यानं ढिगातून मडगार्डं काढली. पहिल्याला इंडिकेटरचं भोकच नव्हतं, दुसऱ्याचा दिव्याकडचा कोपरा निराळा. तिसरं बराबर दिसत होतं, पण कागद चारी बाजूंनी बाहेर येत होता.

"दिसायला सारखं असून भागत न्हाई," तो म्हणाला. "बसलं पाह्यजे."

"हे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगता?"

"न्हाई... बाकीचे इतकं ऐकत न्हाईत."

ती मान खाली घालून हसली. कागद त्याच्याकडे ठेवून, गुरुवारी येते म्हणून गेली.

संध्याकाळी त्यानं पुन्हा माप लावलं. कागदावर तिनं खुणा केलेल्या भोकांमधलं अंतर तंतोतंत जुळत होतं. मग कडेलाच अर्धा इंच जास्त, आणि तोही सगळीकडे सारखा? तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. बाईसाहेबांनी सवयीनं शिवणीसाठी जागा सोडली होती. आता मडगार्डाला टाके कोण घालणार!

तिचा नंबर कागदावरच होता. पण मडगार्ड बसलं की ही परत कशाला येईल... शिवहारनं फोन खिशात ठेवून दिला. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. हा तर चांगला डोळसपणे लबाड झाला.

गुरुवारी ती आली. "अजून मिळालं न्हाई," तो म्हणाला आणि चहा मागवला. चहा पिता पिता तिनं त्याची झिजलेली कॉलर पाहिली. "उलटी करून शिवली तर वर्षभर चालंल," ती म्हणाली आणि बोटानं कडा चाचपून पाहिली, अगदी क्षणभरच. ती गेल्यावर त्याला आनंदही झाला आणि स्वतःची लाजही वाटली.

सोमवारी ती बसलीच नाही. "बाबा म्हणतेत, गाडी भंगारात देऊन टाकू. उद्या माणूस येऊन राहिला. देता का बघा... न्हाईतर कागद द्या."

शिवहारनं तिसरं मडगार्ड उचलून तिच्यासमोर ठेवलं. "हे बसतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. तुमी शिवणीचा अर्धा इंच सोडला होता."

ती कागदाकडे पाहत राहिली. "मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी पुन्हा आल्या नसत्या."

"माझा बाप घरात बसून राहिला, शिवहार. तोंडात घास जात न्हाई त्यांच्या."

त्यानं दुकान बंद केलं, मडगार्ड टेम्पोत टाकलं आणि तिच्यासोबत औंढ्याला गेला. अंगणात त्यानं स्वतः बोल्ट आवळले. बॉनेटच्या कडेची फट दोन्हीकडे सारखी आली. तिच्या बाबांनी, रामकिशनकाकांनी, त्यावरून हात फिरवला, गाडी चालू केली आणि लेकराच्या उत्साहानं चक्कर मारायला गेले.

सुकन्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. "मी चिडलेली हाय."

"बराबर हाय."

"किती दिवस राहीन, सांगता येत न्हाई."

"मी थांबतो. पण तुमी... पुन्हा याल?"

"न्हाई." तिनं तांब्या खाली ठेवला. "आता तुमी यायचं. रविवारी, बाबा घरी असताना. आधी मडगार्डाचं खरं सांगायचं त्यांना. मग... माझं विचारायचं."