तीन रेघा आणि एक फुंकर

माझ्या आवडत्या गायिकेचा फोन आला तेव्हा मी टेबलावरचा रबराचा चुरा झाडत होते. सोळाव्या वर्षापासून मी या बाईंची गाणी ऐकत आले आहे, आणि आता त्यांच्या नव्या अल्बमसाठी आठ गाण्यांची आठ चित्रं मी काढायची होती. मी दोनदा 'हो' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना फोनच हातातून निसटला.

"अगं, आहेस ना?" त्या म्हणाल्या. "गाणी पाठवतेय. एकटीने ऐक. मग तुला एक विचारायचंय."

चित्रं बाबांच्या खोलीत बसून काढायचं मी ठरवलं. एप्रिलमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि जाताना दाराशी मला "धीर धरा" म्हणायच्या. सहा महिने मी दुसरं करत तरी काय होते? चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेला, भर जेवणात टोमणे मारणारा माणूस खिडकीकडे तोंड करून गप्प पडून असायचा. मला त्यांच्या तोंडून एकच शब्द पुन्हा ऐकायचा होता. खोडू. मी काढते त्यापेक्षा खोडते जास्त, म्हणून लहानपणी त्यांनीच ठेवलेलं नाव.

हेडफोन लावून पहिलं गाणं ऐकलं. आवाजामागे काहीतरी खरखरत होतं. नवं एखादं वाद्य असेल, म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या गाण्यात ओळख पटली. कागदावर पेन्सिल चालत होती. तीन छोट्या रेघा, मग फुंकर. पुन्हा तीन रेघा, फुंकर.

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मी अशीच काढते. तीन रेघा मारायच्या आणि चुरा फुंकायचा. कॉलेजात सगळे यावरून माझी नक्कल करायचे.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. मी सरळ फोन लावला.

"हां, तेच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत रेकॉर्डिंग केलं. खोलीत मी आणि आमचा रेकॉर्डिंगवाला, दोघंच. बिचाऱ्याने माइक बदलले, वायरी बदलल्या, डोकं फोडून घेतलं. आवाज काही जाईना. मग एकदा तुझा चित्र काढतानाचा व्हिडिओ पाहिला."

"म्हणून मला काम दिलंत?" मला जरा लागलंच.

"म्हणून तुझी चित्रं बघितली. काम चित्रं बघून दिलं." मग त्या म्हणाल्या, "आठवं गाणं संपलं तरी बंद करू नकोस."

आठवं गाणं संपलं. नुसती पेन्सिल चालत राहिली. मग ती फरशीवर पडली, घरंगळत गेली. आणि एक पुरुषी आवाज आला. जड, ओढून काढलेला.

"खोडू... पडली."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघत होते.

आवाज त्यांचाच होता. पण फेब्रुवारीत बाबा खणखणीत बोलत होते. हा आवाज वाकड्या झालेल्या ओठांतून आलेला होता, आणि झटक्यानंतर तर त्यांनी एक शब्दही उच्चारला नव्हता. म्हणजे हा आवाज अजून यायचा होता.  खरं सांगते, भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जपणे पेन्सिल पाडली. बाबांनी मानही वळवली नाही. परत पाडली. तिसऱ्यांदा आतलं शिसं मोडलं आणि माझं मलाच हसू आलं. सात चित्रं झाली. आठवं मात्र मी लांबवत राहिले. तेही पूर्ण झालं आणि बाबा गप्पच राहिले तर काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

आठव्या चित्रात हीच खिडकी होती. एका दुपारी तिची चौकट काही केल्या सरळ येईना. खोडलं, काढलं, पुन्हा खोडलं. इतकी वैतागले की गाण्यातला आवाज पार विसरून गेले. कोपर लागलं, पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत पलंगाखाली गेली.

"खोडू..."

मी हलले नाही.

"पडली," बाबा म्हणाले.

मी फरशीवर बसून रडले. बाबा वाकड्या ओठांनी हसत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी आणखी दोन शब्द उच्चारले. त्यातली एक शिवी होती.

आठवड्याने मी त्यांच्या कानांना हेडफोन लावले आणि आठवं गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन."

"काय दोन, बाबा?"

"पेन्सिली."

मी पुन्हा ऐकलं. खरंच दोन होत्या. माझ्या तुटक रेघांखाली दुसरी एक रेघ चालली होती. लांब, एका दमात ओढलेली, कुठेही न अडखळणारी. नकाशा काढणाऱ्याची. इतके दिवस मी फक्त स्वतःलाच ऐकत होते.

बाबा चादरीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. सहा महिने तो हात मीच उचलून इकडचा तिकडे ठेवत होते.

मी एका पेन्सिलीला नीट टोक केलं. फळीला कोरा कागद लावला आणि दोन्ही त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"घाई नाही हं," मी म्हटलं.

"बघू," बाबा म्हणाले.

सकाळी कागद कोराच होता. पेन्सिलीचं टोक मात्र पार लाकडापर्यंत झिजलं होतं. त्या रेघा फेब्रुवारीतच गाण्यात पोचल्या होत्या.