टाकीतला ठोका

दिवा जरा बारीक करा आणि जवळ सरका. भजनाच्या सांगतेनंतर भुताचे नाव काढू नये, हे खरे. पण ही हकीकत आपल्याच टाळकऱ्यांतील खंडेरावांची आहे, आणि त्यांनी ती देवासमोर बसून सांगितलेली आहे.

तीन वर्षांपूर्वीची, सन १९६६ सालची, वैशाख वद्य चतुर्दशीची रात्र. वार गुरुवार. बोईसर स्टेशनाहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर खंडेरावांचे वेल्डिंगचे दुकान होते. दिवेलागणीला नवापूरचा जानू पाण्याचा टँकर घेऊन दारात उभा राहिला. तारापूरच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांना गोडे पाणी तो एकच टँकर पुरवी. विहिरी सगळ्या खारावलेल्या. आता टाकीचा मागचा सांधा उलला होता आणि निम्मे पाणी वाटेतच सांडत होते.

"मिस्त्री, सकाळी गाडी गेली नाय तर बायका माझीच पूजा बांधतील," जानू म्हणाला.

"मग नारळ घेऊन जा. त्यांना शोधायला नको."

उललेली फट चासीच्या तुळईला लागून होती. खालून बोटे पोहोचत, ज्योत पोहोचत नसे. जोड आतूनच द्यायला हवा होता, आणि दिवसा ती टाकी भट्टीसारखी तापे, म्हणून रात्र. खंडेराव कामाचे पक्के. त्यांनी टाकी सोड्याच्या पाण्याने धुतली, झाकण उघडे टाकून दोन तास वारा खेळवला. कार्बाईडचा गॅस करणारे पिंप आणि ऑक्सिजनचे नळकांडे बाहेरच ठेवून दोन रबरी नळ्या तेवढ्या आत सोडल्या.

बंद भांड्यात उतरणाऱ्याने एक नियम पाळायचा असतो. तोंडाशी माणूस बसलाच पाहिजे; इथे तो जानू. आतल्याने अधूनमधून हातोडीचे दोन ठोके द्यायचे, बाहेरच्याने दोहोंनी उत्तर द्यायचे. बाहेरून तीन आले, तर ज्योत पेटवायची नाही. निघायचे.

"आन मला झोप लागली तर?"

"तर तुझ्या बायकोला सांगेन की जानू रात्रभर जागा होता. तिचा विश्वास बसायचा नाही."

पावणेदहाला खंडेराव आत उतरले. पाणी हिंदकळू नये म्हणून अशा टाकीत दोन आडवे पत्रे बसवलेले असतात, आणि प्रत्येकात माणूस कसाबसा सरपटेल एवढे भोक. नळ्या ओढत, दोन्ही भोकांतून अंग चोरत, ते अगदी मागच्या कप्प्यात पोहोचले. विजेरी टेकवली. तारेच्या ब्रशाने फट घासून लख्ख केली.

दोन ठोके दिले. वरून दोन आले.

थोड्या वेळाने पुन्हा दिले. पुन्हा आले.

मग पेटवण्यासाठी चकमक हाती घेतली. दोन ठोके दिले.

तीन आले.

"जानू, काय झालं रे?"

खंडेरावांनी पुन्हा दोन दिले.

तीन. पण या वेळी वरून नव्हे… पाठीमागच्या आडव्या पत्र्यावर. तिथे ठोका द्यायचा, तर माणूस टाकीत असावा लागतो.

त्याच क्षणी त्यांना लसणासारखा वास आला. कार्बाईडचा गॅस. मधल्या कप्प्यात नळी चिरली होती. चकमक झडली असती, तर कुडी आणि टाकी एकदमच फुटली असती. त्यांनी चकमक हलकेच खाली ठेवली. विजेरीचा झोत भोकावर टाकला.

कोणी नव्हते.

ते भोकात शिरले. घाईने. खांदे अडकले.

आणि वर झाकण पडले.

हादऱ्याने विजेरी हातून सुटली. विझली.

पुढे सरता येईना. मागे येता येईना. छाती फुगवावी तर पत्र्याची कड बरगडीत रुते. श्वास अर्धाच. अंधार मात्र पुरा.

ठोका पडला. कानाशी.

मग छातीखाली.

खंडेरावांनी नाम घेतले. विठ्ठल… विठ्ठल…

ठोके थांबले.

मग मागे, त्यांचे पाय होते त्या कप्प्यात, तारेचा ब्रश पत्र्यावर फिरू लागला.

खर्र…

खर्र…

अगदी सावकाश. काम येणाऱ्या हाताने फिरवावा तसा.

झाकण उघडले तेव्हा साडेअकरा झाले होते. जानूने आत उतरून त्यांना काखेत धरून ओढले. सदरा फाटला, खांदा सोलला, पण ते सुटले. बाहेर येताच खंडेरावांनी विचारले,

"तू कुठे होतास?"

"तुमीच पाठवलं ना, मिस्त्री. कार्बाईड संपलंय, स्टेशनाकडून घेऊन ये, म्हणून."

"मी? टाकीतून?"

"नाय." जानूने मान वळवली. "रस्त्यावरून. तुमचाच आवाज. मला वाटलं, कधीचे वर आलात…"

"आणि झाकण?"

"मी हात लावला नाय, मिस्त्री." त्या झाकणाखाली दोन्ही नळ्या चेपून चपट्या झाल्या होत्या. त्यामुळेच आत जाणारा गॅस तुटला होता. कोंडणारा वैरी होता की राखणारा, हे आजवर खंडेरावांना उमगलेले नाही.

पहाट झाली. टाकीत पुन्हा उतरायचे नाव कोणी काढले नाही. तरी झोपड्यांतली लेकरे तहानेली राहू नयेत, म्हणून खंडेरावांनी जुना उपाय धरला. फटीत धुण्याचा साबण दाबून भरला, की एखादी खेप निभावते.

साबणाची वडी घेऊन ते टँकरखाली उताणे झाले. जानूने कंदील धरला.

फट दिसेना.

"इथंच व्हती, मिस्त्री. मी सोता बोट घातलं व्हतं."

फटीच्या जागी सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नव्या जोडाने मिटला होता. रात्रभर ज्योत पेटलीच नव्हती. खंडेरावांनी हात लांबवून साबण तिथे टेकवला…

तो वितळून त्यांच्या मनगटावर ओघळला.